गॅरेजवर दावा करायचाय? आधी जुना पार्ट कुठं आहे ते बघा

मागच्या लेखात आपण वंगण तेल जुनं होताना त्यात काय काय बदलतं ते पाहिलं. आजचा विषय तेलाच्या शेजारचाच आहे, फक्त प्रयोगशाळेतला नाही, घरचा आहे. आमची गाडी बिघडली, गॅरेजवाल्याशी भांडण झालं आणि "केस करू" असं मी आबांना छातीठोकपणे सांगून बसलो. मग कायदा वाचायला घेतला. वाचताना लक्षात आलं की पीएचडीत पहिल्या वर्षी शिकवतात तीच गोष्ट मी घरी विसरलो होतो.

झालं असं. आमची सेकंडहँड डिझेल कार गरम होत होती. आबांनी ती एका गॅरेजला दिली. वॉटर पंप नवा टाकला, होज पाइप बदलले, असं सांगून ९,४०० रुपये घेतले, त्यात पंपाचे ३,८००. बिल नाही, एका चिठ्ठीवर आकडे. पैसे मात्र यूपीआयने दिले होते. अकराव्या दिवशी पिंपळनेरहून नवापूरला लग्नाला जाताना चरणमाळ घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. वळणावर थांबायला जागा नव्हती म्हणून आबांनी गाडी तशीच दोनेक किलोमीटर पुढे नेली, आणि इंजिन जाम झालं. गाडी टोचन करून साक्रीला दुसऱ्या गॅरेजला आणली. त्यांनी त्याच संध्याकाळी इंजिन उघडलं. खर्च ५८,००० रुपये. कांद्याची पट्टी आली तशी गेली.

पहिल्या गॅरेजवाल्याचं उत्तर एका वाक्यात होतं: "गाडीच जुनी शे तुमनी, आम्ही काय करूत?"

दावा करायचा कुठे?

इंग्रजी सिनेमांत लोक अशा भांडणासाठी 'स्मॉल क्लेम्स कोर्टात' जातात. आपल्याकडे नावाने जवळचं म्हणजे मुंबईचं लघुवाद न्यायालय. ते १८८२ च्या कायद्याचं आहे आणि तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात. गॅरेजच्या तक्रारीसाठी आपली जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आमच्यासाठी तो धुळ्याला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

- तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गॅरेज नाशिकचं असलं तरी साक्री तालुक्यातला माणूस धुळ्याला तक्रार देऊ शकतो.
- सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.
- वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.
- मुदत २ वर्षांची. उशीर झाला तर त्याचं सबळ कारण द्यावं लागतं.
- नोटीस मिळाल्यावर समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं.
- बिल न देणं हीच या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. त्यामुळे "बिल नाही म्हणजे केस नाही" ही समजूत चुकीची. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, आकड्यांची चिठ्ठी हे सगळं जोडता येतं.

एक सावधगिरी: धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यातून वगळली आहे. गाडी भाड्याने चालवत असाल तर आधी जाणकाराचा सल्ला घ्या.

हे वाचून मी खूश झालो. ५८,००० अधिक मनस्तापाचे, असा आकडाही मनात ठरवून टाकला. मग तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो आणि अडलो.

सिद्ध कोणी करायचं?

सेवेत कमतरता होती हे तक्रारदाराने सिद्ध करायचं असतं. रवनीत सिंग बग्गा विरुद्ध केएलएम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे स्पष्ट केलं आणि आजही त्याचा आधार घेतला जातो. 'गॅरेजमधून गाडी आणल्यावर इंजिन गेलं' हे दाखवणं पुरेसं नाही. 'गॅरेजच्या कामामुळे इंजिन गेलं' हे दाखवावं लागतं. या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजे आमचे ५८,००० रुपये.

इंजिनात काय झालं असेल ते आधी समजून घेऊ. आमच्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. ४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम सुमारे ०.९ मिलिमीटर वाढतं, बीड ०.४५ च्या आसपास. नेहमीच्या तापमानाला हा फरक धरूनच इंजिन बनवलेलं असतं. पण पाणी फिरायचं थांबलं की हेड एकसारखं तापत नाही, वाकतं. मधलं गॅस्केट दाब सोडतं, कूलंट तेलात उतरतं आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. अशा तेलाचं वंगण राहत नाही.

म्हणजे त्या दिवशी इंजिनातून काढलेलं १०० मिलिलिटर तेल हा पुरावा होता. वाकलेलं हेड हा पुरावा होता. होज पाइपची क्लिप सैल होती का, हे बघता आलं असतं. कायद्यात त्याची सोयही आहे: दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीची फी मात्र आधी तक्रारदाराला भरावी लागते.

पण नमुना असला तर. आमचं तेल त्याच संध्याकाळी ओतून दिलं होतं. हेड लेथवाल्याकडे फेसिंग करून परत बसवलं होतं. होज भंगारात गेले होते. प्रयोगशाळेत मी कुठलाही नमुना लेबल आणि तारखेशिवाय फ्रीजमध्ये ठेवत नाही. घरी मात्र "लवकर करा हो, गाडी लागते" असं मीच फोनवर सांगितलं होतं.

त्यात घाटातले ते दोन किलोमीटर. काटा लाल झाल्यावर गाडी चालवली, हे समोरचा विचारणारच. आबा खोटं बोलणार नाहीत, आणि बोलावं असं मलाही वाटत नव्हतं.

उरला तो पंप

साक्रीच्या मिस्त्रींनी जुने पार्ट गोणीत भरून दिले होते. त्यात तो 'नवा' पंप होता. बाहेरून चंदेरी रंग मारलेला, पण आतल्या पंख्यावर क्षारांचा जाड थर आणि त्याखाली गंजाचे खड्डे. असा थर अकरा दिवसांत बसत नाही. रंग मारून जुनाच पंप बसवला होता, एवढं समोर दिसत होतं.

मग मी कागदावर दोन वाक्यं लिहिली. 'पंप नवा नव्हता.' 'पंपामुळे इंजिन गेलं.' पहिल्याला चिठ्ठी, यूपीआय, "नवीन पंप टाकला" असा व्हॉइस मेसेज आणि खुद्द पंप, एवढा आधार होता. दुसऱ्याला फक्त आमचा अंदाज. अंदाज कदाचित बरोबरही असेल, पण तो शोधनिबंधात चालला नसता, मग तक्रारीत कशाला घालू?

आम्ही पोचपावतीसह नोटीस पाठवली. त्यात मागणी पंपाच्या ३,८०० आणि मजुरीच्या १,२०० रुपयांची. पंधरा दिवसांच्या आत गॅरेजवाला स्वतः घरी आला, ५,००० ठेवले, कागदावर सही केली आणि चहा न घेता गेला. कागदावर आम्ही 'पंप व त्याची मजुरी यापुरते' असं लिहून घेतलं. 'कोणतीही तक्रार उरली नाही' असं लिहिलं की पुढचे दरवाजे बंद होतात.

५८,००० गेले ते गेलेच.

तुमच्यावर ही वेळ आली तर

१. गाडी देताना किलोमीटरचा आकडा आणि तक्रार लिहिलेलं जॉब कार्ड मागा. नसेल तर स्वतः लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा.
२. बदललेले जुने पार्ट परत घ्या, पार्टच्या डब्याचा फोटो काढा.
३. काटा लाल झाला की गाडी बंद करा. टोचनचे पैसे इंजिनापेक्षा कमी.
४. दुसऱ्या गॅरेजने इंजिन उघडण्याआधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा: "या दिवशी उघडणार आहोत, येऊन बघा." न आल्यास तीही नोंद होते.
५. उघडताना व्हिडिओ घ्या. तेलाचा नमुना कोरड्या बाटलीत, तारीख टाकून ठेवा. परवानाधारक सर्वेक्षक किंवा तंत्रनिकेतनातले मेकॅनिकलचे शिक्षक यांच्याकडून लेखी मत घ्या.
६. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. तिथे निकाल लागत नाही, पण बरीच भांडणं तिथेच मिटतात.
७. सिद्ध होईल तेवढंच मागा.

परवा आबांनी ट्रॅक्टरचा क्लच करून घेतला. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर फोटो आला: जुनी क्लच प्लेट वर्तमानपत्रावर ठेवलेली, शेजारी बिल. खाली काहीच लिहिलं नव्हतं. वर्तमानपत्र त्याच दिवसाचं होतं.