परमुलखांत बिऱ्हाड कोठें करावें?

बदलीचा हुकूम हातीं पडला, किंवा परप्रांतीं चांगली नोकरी मिळाली, कीं घरांत पहिली चर्चा सुरू होते ती सामानाची. कोणतें कपाट न्यावयाचें, कोणतें विकावयाचें, देवघराची पेटी मोटारींत बसेल कीं नाहीं, यांत चार संध्याकाळीं निघून जातात. ज्या गोष्टीवर पुढील पांच-दहा वर्षांचें सुखदुःख अवलंबून असतें, ती मात्र, म्हणजे नव्या शहराच्या कोणत्या भागांत बिऱ्हाड थाटावयाचें हें, कचेरींतील एखाद्या सहकाऱ्याच्या एका वाक्यावर ठरून जातें. "तो भाग छान आहे, आपल्याकडचे पुष्कळ लोक तिकडेच राहतात," असें कोणीतरी म्हणतो आणि अनामत रक्कम देऊन लोक मोकळे होतात.

हा प्रश्न हवेंत सोडवितां येत नाहीं. एखादें शहर डोळ्यांपुढें धरावें लागतें. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुण्या-मुंबईकडील आणि कोल्हापूर-सोलापूरकडील कितीतरी सुशिक्षित कुटुंबें बंगळूरला गेलीं व अजून जात आहेत, म्हणून तेंच शहर येथें उदाहरणादाखल घेतलें आहे. मराठी माणसाला तें शहर सर्वस्वीं परकें नाहीं. १६३८ सालीं विजापूरच्या फौजेनें तें जिंकल्यावर तेथील जहागीर शहाजीराजांकडे आली होती, आणि भावसार क्षत्रिय व नामदेव शिंपी या समाजांतील मराठी बोलणारीं घराणीं तेथें पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. आतां जाणारें कुटुंब असें कल्पावें: नवरा-बायको दोघेंही नोकरी करणारीं, मुलगी सातवींत, मुलगा बालवर्गांत, आणि बरोबर सत्तरी ओलांडलेली आजी.

अशा कुटुंबांत घर निवडतें कोण? बहुधा ज्याची बदली झाली तो. आणि घरांत सर्वांत कमी वेळ राहतो तोही तोच! सकाळीं आठाला बाहेर पडून रात्रीं आठाला परतणाऱ्या माणसाला घर म्हणजे एक बिछाना आणि एक खिडकी. दिवसभर त्या जागेंत व त्या गल्लींत वावरणार ती आजी. आणि दुपारनंतर मुलें. तेव्हां जागा मोजावयाची ती आजीच्या पायांनीं. दुधाचें दुकान, भाजी, देऊळ, डॉक्टर आणि सावलीचें एखादें बांकडें हीं सारीं तिला कोणाचा हात न धरतां, मोठा रस्ता न ओलांडतां गांठतां येतात कां, हें चालत जाऊन पाहावें. मोटारींतून पाहिलेला भाग पाहिला असें म्हणतां येत नाहीं.

या कसोटीला बंगळूरच्या जुन्या वसाहती फार चांगल्या उतरतात, आणि त्याला इतिहासाचें एक कारण आहे. पुण्याला १८९७ त प्लेगनें हैराण केलें. बंगळूरला ती साथ १८९८ त पोंचली. दाटीच्या पेठांतून लोकांना मोकळ्या हवेंत नेण्याची निकड भासली आणि मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहती वाढीस लागल्या: सरळ रस्ते, मोकळी जागा, बाजार जवळ, उद्यान जवळ. पुढें राजाजीनगर, जयनगर याच विचारानें आंखलीं गेलीं. त्या वेळीं मोटारी नव्हत्या किंवा थोड्या होत्या. म्हणून सारें अंतर माणसाच्या चालीला धरून ठेवलें गेलें. पूर्वेकडील नव्या वसाहतींत याच्या उलट प्रकार दिसतो. कुंपणाच्या आंत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, सर्व कांहीं. फाटकाबाहेर पाऊल टाकलें कीं पायवाट नाहीं. तरुण जोडप्याला तेथें कमी वाटावें असें कांहीं नसतें, पण आजी तेथें फाटकापर्यंतच फिरते.

मात्र जुन्या भागांत भाडें जास्त, घरें जुनीं, आणि नोकऱ्या पुष्कळशा शहराच्या दुसऱ्या टोकाला. येथें आगगाडीच्या नव्या मार्गांचा, म्हणजे मेट्रोचा, नकाशा समोर घेऊन बसावें. जांभळा मार्ग ऑक्टोबर २०२३ पासून पश्चिमेच्या चल्लघट्टापासून पूर्वेच्या व्हाइटफील्डपर्यंत सलग धांवतो. हिरवा मार्ग उत्तर-दक्षिण जातो. मल्लेश्वरम् व जयनगर दोन्हीं त्याच्या कांठीं आहेत आणि मॅजेस्टिक येथें तो जांभळ्यास मिळतो. ऑगस्ट २०२५ त सुरू झालेला पिवळा मार्ग जयनगराजवळच्या आर. व्ही. रोड स्थानकापासून निघून इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्राला जातो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटींत नोकरी असणाऱ्यास जयनगरांत राहणें आतां वेडेपणाचें राहिलें नाहीं. नोकरीचें ठिकाण तीन वर्षांत बदलण्याचा संभव असतो. ज्या स्थानकावरून दोन दिशांना जातां येतें, त्याच्या जवळचें बिऱ्हाड तो बदल सोसतें.

आतां पाण्याकडे वळावयाचें. घर घेणारा नळ सोडून पाहतो. पाणी आलें कीं समाधान पावतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचीवर, एका पठाराच्या कण्यावर वसलेलें आहे, आणि त्याला मोठी नदी नाहीं. पिण्याचें पाणी कावेरीचें. तें सुमारें शंभर किलोमीटरांवरून येतें आणि वाटेंत पांचशें मीटरांच्या आसपास वर चढवावें लागतें. कावेरीची पहिली योजना १९७४ त पुरी झाली. परंतु शहर योजनांच्या पुढें धांवत राहिलें. २००७ त महापालिकेची हद्द वाढली, तींत ११० खेडीं सामावलीं गेलीं. या खेड्यांच्या शेतांत मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तेथील लोकांनीं विंधनविहिरी व टँकर यांवर दिवस काढले. त्यांच्यासाठीं योजलेला कावेरीचा पांचवा टप्पा, दररोज ७७.५ कोटी लिटरांचा, ऑक्टोबर २०२४ त सुरू झाला. त्याच वर्षींच्या मार्चांत शहरांतील सुमारें १३,९०० सरकारी विंधनविहिरींपैकीं ६,९०० कोरड्या पडल्याचें राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनीं सांगितलें होतें. नळाची मुख्य वाहिनी रस्त्यापर्यंत आली म्हणजे इमारतींत पाणी आलें असें नव्हे. जोडणी घेतली आहे कां, आणि आठवड्यांतून किती वेळां पाणी सुटतें, हे निराळे प्रश्न आहेत. ते मालकाला विचारून उपयोग नाहीं. इमारतीच्या पहारेकऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे: मार्च-एप्रिलमध्यें टँकर किती येतात, आणि पैसे कोण देतो?

पाण्याची ही एक बाजू झाली. दुसरी अशी कीं, ज्या शहरांत उन्हाळ्यांत पाणी पुरत नाहीं, त्याच शहरांत पावसाळ्यांत तें घरांत शिरतें. नदी नसल्यामुळें जुन्या लोकांनीं पठाराच्या उतारांवर तळीं बांधलीं. वरचें तळें भरलें कीं सांडवा वाहून पाणी कालव्यानें खालच्या तळ्यांत जाई, तेथून आणखी खालीं. या मोठ्या कालव्यांना तिकडे राजकालुवे म्हणतात. वीसाव्या शतकांत त्यांतील कितीतरी तळीं बुजलीं. धर्मांबुधि तळ्याच्या जागीं आज मॅजेस्टिकचें बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागीं कंठीरव क्रीडांगण. तळें गेलें तरी उतार जात नाहीं, आणि पाणी उतार ओळखतें. सप्टेंबर २०२२ च्या पावसांत बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता, महादेवपुर या भागांतील कोट्यवधींचीं घरें पाण्यांत गेलीं आणि रहिवाशांना नावांतून व ट्रॅक्टरांतून बाहेर काढावें लागलें. ती घरें बांधणीला कमी प्रतीचीं नव्हतीं. पाण्याच्या वाटेंत होतीं, इतकेंच.

येथें नवागताला भाषेची मदत होते. कन्नडांत केरे म्हणजे तळें, कुंटे म्हणजे लहान तळें, कोडी म्हणजे तळ्याचा सांडवा. वसाहतीच्या नांवांत यांपैकीं एखादा शब्द दडलेला असला, उदाहरणार्थ अरकेरे किंवा कोडीहळ्ळी, तर लागलीच घाबरून जाऊं नये. पण आपली गल्ली त्या जुन्या पाण्याच्या वर आहे कीं खालीं, एवढें चौकशी करून ठरवावें. मुंबईकराला हें नवें वाटूं नये. धोबीतलावास आज तरी कोठें तलाव आहे?

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पुण्याचा पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर; बंगळूरला मे महिन्यांत वळीव जोराचे येतात आणि मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरांत पडतो. कुटुंबें मात्र शाळा उघडण्याच्या धोरणानें एप्रिल-मेमध्यें घर शोधावयास जातात. त्यांना पाण्याची टंचाई दिसते, पूर दिसत नाहीं. दिवाळीच्या आधीं घर पाहणाऱ्याला याच्या उलट. म्हणून पहिलें वर्ष भाड्यानेंच राहावें, आणि तें कावेरीचा नळ असलेल्या, उंचावरच्या, शाळेजवळच्या घरांत. मग दोन खोल्या कमी पडल्या तरी चालतील. ऋतूंचा एक फेरा पुरा होण्यापूर्वीं घर विकत घेणारा माणूस जुगार खेळतो. "भाडें म्हणजे फुकट गेलेला पैसा" हें वचन आपल्या मध्यमवर्गांत फार रुजलें आहे. ज्या घरांत मार्चमध्यें टँकर आणि सप्टेंबरांत चिखल येतो, त्याचे हप्ते वीस वर्षें भरणें हा सद्व्यय कसा, हें त्या वचनाच्या भक्तांनीं सांगावें.

भाड्यानें घर घेतांना तेथील एक चाल ठाऊक असावी. पुष्कळ मालक "भोग्य" पद्धतीनें घर देतात: दोन-तीन वर्षांसाठीं एक मोठी रक्कम त्यांच्याकडे ठेवावयाची, दरमहा भाडें नाहीं, आणि मुदत संपल्यावर रक्कम परत. निवृत्तीचे पैसे हातीं असलेल्या वडीलधाऱ्यांना ही कल्पना मोहक वाटते. पण तीच वास्तु मालकानें आधींच बँकेकडे गहाण टाकली असली, आणि पुढें बँकेनें जप्ती आणली, तर भाडेकरूची जन्माची पुंजी अडकून पडते. नोंदणीकृत करार आणि बोजा नसल्याचा दाखला पाहिल्यावांचून या वाटेस जाऊं नये. शक्य तों जाऊंच नये.

मुलांचा विचार आधीं करावयास हवा होता, असें कोणी म्हणेल, आणि तें खरें आहे. घर आधीं आणि शाळा मागून हा क्रमच उलटा. बालवर्गांतील मुलाची चिंता नको. तो सहा महिन्यांत शेजारच्या मुलांशीं कन्नडांत भांडूं लागेल. प्रश्न सातवींतल्या मुलीचा. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानें राज्यांतील शाळांत कन्नड प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकविण्याचें बंधन घातलें. बाहेरून आलेल्या मोठ्या मुलांना कोणती मोकळीक आहे, आणि तिसरी भाषा कोणती, हें ज्या त्या शाळेंत लेखी विचारून घ्यावें. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववी-दहावी मिळून एकच गाडी धरली जाते; दहावींत नवा प्रवेश सहसा मिळत नाहीं, आणि पालकाच्या बदलीसारखें सबळ कारण कागदोपत्रीं दाखवावें लागतें. तेव्हां मुलगी सातवींत असतांनाच जाणें बरें. नववीच्या मध्यावर जाण्यापेक्षां बापानें एक वर्ष एकट्यानें खाणावळींत जेवणें पत्करावें.

"आपले लोक" जेथें आहेत तेथेंच राहावें, या सल्ल्याचें काय? गणेशोत्सवाला, आजारीपणाला, पुरणपोळीच्या वाटीला आपलीं माणसें लागतात, यांत शंका नाहीं. परंतु तीं अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेलीं पुरतात. एकाच इमारतींत दहा मराठी बिऱ्हाडें असलीं, तर घरांतील बाई पांच वर्षांनींही भाजीवालीशीं हातवारे करूनच बोलते. आजीला शेजारीण कन्नड मिळाली तर बिघडत नाहीं. दोघी पंढरपूरच्या विठोबावरच येऊन भेटतात, कारण त्याला दोन्हीं मुलखांचे भक्त आहेत. तिच्यासाठीं अधिक महत्त्वाचें तें आगगाडीचें स्थानक. सोलापूर-पुण्याकडे जाणारी उद्यान एक्सप्रेस आणि मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा ह्या शहराच्या मुख्य स्थानकावरून सुटतात. मल्लेश्वरम् किंवा राजाजीनगर तेथून हाकेच्या अंतरावर, तर व्हाइटफील्ड पार दुसऱ्या कडेला. गांवाकडे लग्नकार्याला, औषधपाण्याला वर्षांतून चार वेळां जाणाऱ्या म्हातारीला हा फरक कळतो.

वर्ष सरल्यावर विकत घेण्याची वेळ आली, तर तेथें "खाता" हा शब्द कानावर पडेल. तो महापालिकेच्या दफ्तरांतील मिळकतीचा उतारा. "अ" खाता रीतसर परवानगीच्या मिळकतीचा. "ब" खाता म्हणजे कर घेण्यापुरती केलेली नोंद, आणि कराची पावती ही बांधकाम कायदेशीर असल्याची साक्ष नव्हे. "ब" खात्यावर कर्ज मिळण्यास अडचण पडते, म्हणूनच तीं घरें स्वस्त दिसतात. सप्टेंबर २०२५ पासून शहराच्या पांच महापालिका झाल्या आहेत. आपलें घर कोणत्या महापालिकेंत येतें तें आधीं पाहून, उतारा मालकाकडून न घेतां तिच्या दफ्तरांतूनच काढवावा.