बालकांच्या चेहऱ्यात शांततेचा शोध : चित्रकर्ती चिहिरो इवासाकी

नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ हे पुस्तक या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी वाचलेले असेल. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए ही शाळा, एका चिमुरडीचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी आणि पहिल्या शाळेने काढून टाकलेली ती मुलगी, हे सारे शिक्षणाविषयी आस्था असणाऱ्या कोणाच्याही मनात घर करून राहते. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे नावही पुष्कळांना स्मरते. परंतु मूळ जपानी पुस्तकातील ती टोपी घातलेली, काळ्याभोर डोळ्यांची मुले कोणी चितारली, याची चौकशी फारच थोडे लोक करतात.

ती चित्रे चिहिरो इवासाकी यांची आहेत. विशेष म्हणजे ‘तोत्तोचान’ १९८१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा चिहिरो यांना जाऊन सात वर्षे लोटली होती. या पुस्तकासाठी म्हणून त्यांनी एकही चित्र काढले नव्हते. त्यांनी मागे ठेवलेल्या चित्रसंग्रहातून कुरोयानागी यांनी चित्रे निवडली आणि ती मजकुराशी अशी एकरूप झाली की, चित्रकर्तीने तोत्तोचानला प्रत्यक्ष पाहिले असावे असेच वाटावे. हे कसे घडले? एका व्यक्तीने काढलेली मुले दुसऱ्या व्यक्तीच्या बालपणाशी इतकी जुळावीत, यामागे कोणती साधना होती? या प्रश्नांचा मागोवा घेताना बालचित्रकाराच्या कार्याचे मोल आपल्या ध्यानी येते.

चिहिरो यांचा जन्म १५ डिसेंबर १९१८ रोजी जपानच्या फुकुई प्रांतात झाला आणि बालपण टोकिओत गेले. वडील लष्कराच्या बांधकाम विभागात अभियंता होते आणि आई मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. घर सुस्थितीत होते. तरीही त्यांच्या कलेची पहिली प्रेरणा शेजारच्या घरात होती. तेथे ‘कोदोमो नो कुनी’, म्हणजे ‘मुलांचा देश’, या नावाचे सचित्र बालमासिक येत असे. त्या काळचे नामवंत चित्रकार मुलांसाठी म्हणून त्यात मनापासून चित्रे काढीत. लहानग्या चिहिरो यांनी ती पाहिली आणि ती त्यांना जन्मभर पुरली. मुलाच्या हाती कोणते पान पडते याला किती महत्त्व आहे, हे सांगण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

चौदाव्या वर्षापासून त्या साबुरोसुके ओकादा या नामांकित चित्रकाराकडे रेखाटन आणि तैलचित्रण शिकू लागल्या. पुढे कलाविद्यालयात जावे ही त्यांची इच्छा होती. परंतु आईवडिलांना ते मान्य नव्हते. म्हणून त्या सुलेखन शिकल्या. ती विद्याही वाया गेली नाही. कुंचल्यावरील दाब, शाईचा ओलावा, एका श्वासात ओढलेली रेषा आणि कोऱ्या जागेचा मान हे सर्व त्यांच्या हाती आले ते सुलेखनातून. त्या डावखुऱ्या होत्या. सुलेखन उजव्या हाताने आणि चित्रे डाव्या हाताने, अशी त्यांची रीत होती.

यानंतरचा काळ दुःखाचा आहे. १९३९ मध्ये घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांचा विवाह झाला आणि त्या पतीसमवेत चीनमधील दालियन शहरी गेल्या. हा संसार त्यांच्या मनाविरुद्ध होता. पतीच्या आत्महत्येने त्याचा लवकरच अंत झाला आणि त्या टोकिओला परतल्या. १९४४ मध्ये सुलेखनाच्या शिक्षिका म्हणून त्या मांचुरियातील जपानी वसाहतीत गेल्या. ती भूमी त्या वेळी जपानने बळाने व्यापलेली होती. मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात टोकिओतील त्यांचे घर जळाले. कोबायाशींची तोमोए शाळाही त्याच वर्षी त्याच शहरात आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. ज्या दोन स्त्रियांची शब्द आणि चित्रे पुढे एका पुस्तकात एकत्र यावयाची होती, त्या दोघींच्याही बालपणाच्या खुणा एकाच युद्धाने पुसल्या.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आम्हाला आवश्यक वाटते. चिहिरो केवळ युद्धाने पोळलेल्या नव्हत्या. वडील लष्कराच्या सेवेत होते आणि आईचे कार्य तरुणींना मांचुरियाच्या वसाहतीत पाठविण्याशी जोडलेले होते. युद्ध लादणाऱ्या व्यवस्थेच्या छायेत आपले सुखवस्तू बालपण गेले, ही जाणीव त्यांना युद्धसमाप्तीनंतर झाली. तिच्यापासून त्यांनी तोंड फिरविले नाही. नागानो प्रांतात, आईच्या माहेरच्या मुलुखात आश्रयास असताना त्या युद्धविरोधी विचारांच्या संपर्कात आल्या. १९४६ मध्ये जपानी कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होऊन त्या पुन्हा टोकिओत आल्या आणि एका वृत्तपत्रात लेखन व चित्रांचे काम करू लागल्या. हिरोशिमाच्या संहारावर भव्य चित्रमालिका रंगविणारे इरी आणि तोशी मारुकी हे दांपत्य त्यांना गुरुस्थानी लाभले. पहिल्या महायुद्धात पुत्र गमावलेल्या जर्मन चित्रकर्ती केथे कोल्वित्झ यांच्या चित्रांचाही त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

१९५० साली त्यांचे ‘आईची गोष्ट’ हे कामिशिबाई प्रसिद्ध झाले. कामिशिबाई म्हणजे जपानी चित्रकथी. सांगणारा एकेक चित्र पुढे सरकवीत गोष्ट सांगतो आणि मुले भोवती बसून ऐकतात. पिंगुळीची चित्रकथी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या कथेवरील या कृतीला शिक्षणमंत्र्यांचा पुरस्कार लाभला आणि बालकांसाठी चित्रे काढणे हेच आपले जीवितकार्य, असा त्यांचा निश्चय झाला.

त्याच वर्षी त्यांनी झेनमेई मात्सुमोतो या तरुण कार्यकर्त्याशी विवाह केला. ते पुढे वकील आणि संसद सदस्य झाले. परंतु आरंभीच्या काळात घर चालले ते चिहिरो यांच्या कुंचल्यावर. १९५१ मध्ये पुत्र जन्मला. भाड्याच्या तोकड्या जागेत तान्हे मूल आणि काम दोन्ही सांभाळणे अशक्य झाल्याने, त्या बाळाला नागानोतील मात्सुकावा गावी आईवडिलांकडे ठेवावे लागले. त्या आगगाडीने दूरचा प्रवास करून त्याला भेटावयास जात आणि जेवढा काळ मिळे तेवढ्यात त्याला रेखाटून घेत. झोपलेले बाळ, रांगणारे बाळ, मूठ तोंडात घालणारे बाळ! पुढच्या वर्षी टोकिओच्या नेरिमा भागात लहानसे घर झाले आणि मूल त्यांच्याजवळ आले.

वसतिगृहाच्या दारात लेकराचा हात सोडून माघारी फिरणाऱ्या माता आम्ही दरवर्षी जूनमध्ये पाहतो. त्यांना चिहिरो यांच्या रेखाटनांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दूर असलेल्या मुलाची एकेक हालचाल मनात कशी कोरली जाते, हे त्या जाणतात. याच निरीक्षणातून चिहिरो यांना अशी सिद्धी लाभली की, समोर मूल नसतानाही दहा महिन्यांचे बाळ आणि एक वर्षाचे बाळ यांतील भेद त्या चित्रात अचूक दाखवीत.

आता त्यांच्या कार्यपद्धतीकडे वळू. त्यांचे मुख्य माध्यम जलरंग. कागदावरचा रंग ओला असतानाच त्यात दुसरा रंग सोडावयाचा आणि दोन्ही रंग आपापल्या गतीने पसरू द्यावयाचे, ही पूर्वेकडील शाईचित्रांत रुळलेली रीत त्यांनी आत्मसात केली होती. अशा रंगाला कडा नसते. पाऊस, धुके, फुलाची पाकळी, बाळाचा गाल यांना तरी ठळक कडा कोठे असते? मुलाचा चेहरा पुष्कळदा कोराच ठेवलेला असतो. भोवतीचा रंग पसरत येतो आणि त्यातून चेहरा प्रकट होतो. डोळे म्हणजे बहुधा दोन काळे ठिपके. त्यांत पांढरे बुबुळ नाही की चमक नाही. भाव निश्चित करून दिलेला नसल्याने पाहणारे मूल आपला भाव त्या डोळ्यांत ठेवते. ‘तोत्तोचान’शी ती चित्रे का जुळली, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे. चिहिरो यांनी एखाद्या विशिष्ट मुलीपुरते चित्र बांधून टाकले नाही. कोणत्याही मुलीला त्यात जागा मिळावी एवढा अवकाश त्यांनी राखला.

१९६८ च्या ‘पावसाळी दिवशी घरी एकटी’ या पुस्तकात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. तोवर पुस्तकात गोष्ट आधी आणि चित्र तिच्या मागून, असा सर्वसाधारण क्रम होता. संपादक यासोओ ताकेइची यांच्या सहकार्याने त्यांनी हा क्रम बदलला. या पुस्तकात शब्द अगदी मोजके आहेत. आई बाहेर गेली आहे, पाऊस पडतो आहे, दूरध्वनीची घंटा वाजते आणि मुलगी पडद्याआड दडते. घटना एवढीच. एकटेपणाची भीती मात्र ओल्या करड्या रंगातून पानभर पसरते. मुलाचे भय मोठ्यांना क्षुल्लक वाटते; चिहिरो यांनी त्याला अख्खे पुस्तक दिले. बालकाच्या भावनेचा आदर करणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे. याच मार्गाने पुढे जाऊन त्यांनी केलेल्या ‘पाखरू येते तो दिवस’ या पुस्तकाला १९७३ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील बालपुस्तक मेळ्यात चित्रांसाठीचा पुरस्कार मिळाला.

त्यांच्या कार्याचा एक पैलू सहसा सांगितला जात नाही. त्या काळी प्रकाशक चित्र एकदाच पैसे देऊन विकत घेत आणि मूळ चित्र चित्रकाराकडे परत येत नसे. बालपुस्तकातील चित्र म्हणजे मजकुराची सजावट, त्यावर कसला हक्क, अशी समजूत होती. चिहिरो यांनी सहकारी चित्रकारांसह या समजुतीविरुद्ध लढा दिला. चित्रावर चित्रकाराचा अधिकार आहे आणि मूळ चित्र त्याला परत मिळालेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी काम गमावण्याची भीती न बाळगता धरला. श्रमाला मान आणि श्रमिकाला हक्क हे तत्त्व त्यांनी चित्रकलेच्या क्षेत्रातही लागू केले. याचे फळ आज जगासमोर आहे. त्यांची नऊ हजारांहून अधिक चित्रे आज जतन झालेली आहेत. हा लढा झाला नसता, तर ‘तोत्तोचान’साठी निवडावयाला चित्रेच उरली नसती.

अखेरच्या काळात व्हिएतनाम युद्धाच्या वार्ता त्यांना अस्वस्थ करीत होत्या. हिरोशिमातील मुलांच्या आठवणींवरील ‘मी लहान होते तेव्हा’ हे पुस्तक त्यांनी १९६७ मध्येच चित्रांकित केले होते. प्रकृती खालावलेली असताना १९७३ मध्ये त्यांनी ‘युद्धाच्या ज्वाळांतील मुले’ हे पुस्तक पूर्ण केले. त्यातील चित्रांत नेहमीचे कोवळे रंग नाहीत. शाई आणि पेन्सिलीचा काळा-करडा पसारा आहे आणि क्वचित कोठे लाल रंग आहे. हिवाळ्यात कामाच्या खोलीत फुलणाऱ्या सायक्लामेनच्या लाल पाकळ्यांत त्यांना मृत मुलांचे चेहरे दिसतात. एका चित्रात ज्वाळांमध्ये उभी माता बाळाला कवटाळून समोर पाहते आहे. तिचे निष्पाप बाळ आपल्याकडे पाहते; मातेची नजर मात्र कठोर आहे. रक्त आणि प्रेते यांचे दर्शन या पुस्तकात जवळजवळ नाही. मूल किती मोलाचे आहे हे ज्याने पाहिले, त्याला ते गमावणे म्हणजे काय हे वेगळे दाखवावे लागत नाही, अशी त्यामागील दृष्टी आम्हाला जाणवते. चिहिरो यांचे सारे आयुष्य गोड बाळे काढण्यात गेले असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे. कोमल चित्रे आणि हे कठोर चित्र एकाच करुणेतून जन्मलेली आहेत.

८ ऑगस्ट १९७४ रोजी यकृताच्या कर्करोगाने वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नेरिमातील त्यांच्या घराच्या जागी १९७७ मध्ये चित्रपुस्तकांचे संग्रहालय उभे राहिले, आणि ज्या मात्सुकावा गावी त्यांचे बाळ काही काळ राहिले होते, तेथे १९९७ मध्ये दुसरे संग्रहालय झाले. ‘तोत्तोचान’च्या लेखिका कुरोयानागी यांनी या संग्रहालयांच्या संचालकपदाची जबाबदारीही स्वीकारली.

या चरित्रातून आमच्या शाळेने आणि समाजाने काय घ्यावे? शिक्षणाच्या मार्गाने पुढे आलेल्या आपल्या समाजाने पुस्तकाला सर्वोच्च स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु मूल अक्षर ओळखण्याआधी चित्र वाचते. पहिलीच्या मुलाच्या हाती पडणाऱ्या चित्रात त्याच्यासारखे मूल, त्याच्या घरासारखे घर, त्याच्या आईसारखी आई दिसते की नाही, यावर पुस्तक आपले आहे की परक्याचे, हे त्याच्यापुरते ठरून जाते. म्हणून ग्रंथालयासाठी पुस्तके भेट देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांबरोबर उत्तम चित्रपुस्तकेही द्यावीत आणि ती निवडताना चित्रकाराचे नाव वाचावे. पालकांनाही एक सांगणे आहे. वहीच्या मागच्या पानावर चित्र काढणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी ते चित्र क्षणभर पाहावे आणि ‘हे कोण आहे?’ एवढे विचारावे. कोबायाशी गुरुजींनी तोत्तोचानचे बोलणे ऐकून घेतले होते. मुलाचे चित्र पाहणे हेही त्याचे बोलणे ऐकून घेणेच आहे.