एका रात्रीचा दंड, अनेक वर्षांची नोंद

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कापडाचा व्यापार करणारे आमच्या शाखेचे एक जुने खातेदार सकाळीच माझ्या घरी आले. त्यांच्या चिरंजीवांचे शैक्षणिक कर्ज मीच मंजूर केले होते. मुलगा कॅनडात शिकला, नोकरीला लागला, कायम रहिवासी झाला आणि कर्जही मुदतीआधी फिटले. अशा घरचे गृहस्थ चेहरा उतरवून समोर बसले होते.

मित्राच्या लग्नाच्या मेजवानीतून परतताना पोलिसांनी मुलाची गाडी अडवली होती. श्वासाच्या चाचणीत मद्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक निघाले. अपघात झाला नव्हता, कोणाला इजाही नव्हती. घाबरलेल्या मुलाने वडिलांना फोन केला, तेव्हा वडिलांनी व्यापाऱ्याच्या व्यवहारबुद्धीने सांगितले, "वाद वाढवू नकोस. गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो." एक हजार डॉलर भरले गेले, वर्षभर गाडी चालवण्यास मनाई झाली आणि प्रकरण मिटले, असे सर्वांनी गृहीत धरले. पुढे आठ महिन्यांनी इमिग्रेशन खात्याचे पत्र आले. या देशात राहण्याचा तुमचा अधिकार काढून का घेऊ नये, असा खुलासा त्यात मागितला होता.

"साहेब, दंडाची पावती हातात आहे. मग मिटलेले खाते पुन्हा उघडले कसे?" हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ठाऊक असणे आवश्यक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅनडात १८ डिसेंबर २०१८ पासून मद्यधुंद अवस्थेत वाहन चालवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षे कारावास अशी वाढवण्यात आली. तेथील इमिग्रेशन कायद्यानुसार ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे किंवा अधिक असते, तो 'गंभीर गुन्हेगारी' या वर्गात मोडतो. येथे आपली गल्लत होते. कायदा प्रत्यक्ष झालेली शिक्षा पाहत नाही, होऊ शकणारी शिक्षा पाहतो. कॅश क्रेडिटच्या भाषेत सांगायचे तर हिशेब उचललेल्या रकमेवर नव्हे, मंजूर मर्यादेवर होतो. न्यायालयाने केवळ दंड केला, तरी इमिग्रेशनच्या दप्तरी दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा नोंदला जातो. गांजा तेथे कायदेशीर असला, तरी त्याच्या अमलाखाली गाडी चालवणेही याच तरतुदीखाली येते.

अशा नोंदीमुळे कायम रहिवाशाविरुद्धही देश सोडण्याचा आदेश निघू शकतो. प्रत्यक्ष कारावास सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर त्याला अपील करता येते. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्यास तो आधारही नसतो. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस देशात वास्तव्य लागते. त्यात कारावासाचे आणि प्रोबेशनचे दिवस धरले जात नाहीत. खटला गंभीर पद्धतीने चालून मुलगा दोषी ठरला, तर पुढील चार वर्षे नागरिकत्वाचे दार बंद राहते.

अमेरिकेचा कायदा वेगळ्या वाटेने जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये लिओकाल खटल्यात मद्यपान करून वाहन चालवणे हा 'हिंसक गुन्हा' ठरत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे साध्या पहिल्या गुन्ह्यासाठी ग्रीनकार्डधारकाला सहसा हद्दपार केले जात नाही. तथापि विद्यार्थी आणि नोकरदार यांचा व्हिसा केवळ अटक झाल्यानेही रद्द होऊ शकतो. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली जात नाही. मुलाला अमेरिकेत राहता येते, परंतु बहिणीच्या लग्नासाठी भारतात आला, की परतण्यासाठी नवा व्हिसा घ्यावा लागतो. अटक गेल्या पाच वर्षांतील असेल, तर वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घ्यावी लागते. नागरिकत्वाच्या अर्जात सामान्यतः मागील पाच वर्षांचे सद्वर्तन पाहतात. त्या काळात असे दोन गुन्हे असतील, तर सद्वर्तन नाही असे गृहीत धरावे, असा निर्णय अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी २०१९ मध्ये दिला. ते खोडून काढण्याचे ओझे अर्जदारावर असते.

हा विषय केवळ परदेशातील रस्त्यांचा नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य हा गुन्हा आहे. कॅनडात ही मर्यादा ऐंशीची आहे. पुण्यात किंवा मुंबईत न्यायालयात दंड भरून आलेला तरुण पुढे अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरतो, तेव्हा कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय, असा स्पष्ट प्रश्न त्याच्यासमोर येतो. "फक्त दंड तर होता" म्हणून 'नाही' लिहिणे ही मूळ गुन्ह्याहून मोठी चूक होय. खोट्या माहितीसाठी कॅनडा पाच वर्षे प्रवेश नाकारतो. अमेरिकेत ही बंदी कायमची ठरू शकते.

मग करावे काय? पहिली गोष्ट, गुन्हा कबूल करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबरच इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असल्यास तसे अशिलाला सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅडिया खटल्यात ठरवले आहे. दुसरी, निकालाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती आणि प्रोबेशन संपल्याचा दाखला जन्मभर जपावा. तिसरी, वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर प्रवास करू नये आणि प्रत्येक अर्जात खरे तेच लिहावे.

"आमच्या घरात मद्याचा स्पर्श नाही, मग हे आम्ही का वाचावे?" असे काही वाचक म्हणतील. त्या गृहस्थांच्या घरातही नव्हता. म्हणूनच मुलाने आधी दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही आणि सांगितले तेव्हा सर्वांना विषय लवकर झाकायचा होता. व्यसनाचा निषेध आपण अवश्य करावा. परंतु संकटात सापडलेला मुलगा पहिला फोन घरी करील, एवढी जागाही त्याच्यासाठी ठेवावी.

त्या मुलाने वकिलामार्फत खुलासा दिला. नोकरीची, कर भरल्याची आणि समुपदेशनाची कागदपत्रे जोडली. दीड वर्षाच्या प्रतीक्षेनंतर इशाऱ्याचे पत्र देऊन अधिकाऱ्यांनी प्रकरण थांबवले. नागरिकत्वाचा अर्ज मात्र त्याने अद्याप केलेला नाही. वडील परवा भेटले, तेव्हा म्हणाले, "त्या रात्री टॅक्सीला चाळीस डॉलर पडले असते. आणि साहेब, माझी चूक त्याच्याहून मोठी. वाचण्याआधीच मी सही करायला सांगितले."

आयुष्यभर कर्जाच्या कागदांवर सह्या घेताना मी ग्राहकांना एकच सांगत आलो, आधी वाचा, मग सही करा. ते वाक्य बँकेच्या दाराबाहेरही तितकेच खरे आहे.