महायुद्धे, आगगाडी आणि स्त्रिया

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि सेनापती उभे राहतात. परंतु सैनिक बंदरापर्यंत जातो तो आगगाडीने, आणि रजेवर घरी येतो तोही आगगाडीनेच. ब्रिटनमध्ये दोन्ही महायुद्धांत ही उतारूंची वाहतूक चालू राहिली, त्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. त्यांची हकीकत आपण येथे पाहू. तीत एक प्रश्न दडलेला आहे : काम करून दाखविले, म्हणजे त्या कामावर हक्क मिळतो काय?

१९१४ पूर्वी ब्रिटिश रेल्वेत सुमारे १३,००० स्त्रिया होत्या. त्या बहुतेक उपाहारगृहे, धुलाई, शिवण आणि साफसफाई अशा कामांवर. युद्धात रेल्वेचे १ लाख ८० हजारांहून अधिक पुरुष सैन्यात गेले. त्यांच्या जागी स्त्रिया आल्या आणि १९१८ पर्यंत त्यांची संख्या ६५,००० च्या वर गेली. लंडनच्या भुयारी रेल्वेवरील मेडा व्हेल स्टेशन ६ जून १९१५ रोजी उघडले, तेव्हा तेथील सारा नोकरवर्ग स्त्रियांचाच होता.

तिकिटे देणे, ती तपासणे, सामान वाहणे, डबे धुणे ही कामे त्यांनी उचलली. काही ठिकाणी त्या गार्डही झाल्या. त्या काळच्या पुष्कळ डब्यांत प्रत्येक कप्प्याला बाहेरून वेगळे दार असे. गाडी सुटण्यापूर्वी ही दारे नीट लागली आहेत ना, हे फलाटावरील माणसांनी पाहावयाचे. उतारूंचा जीव त्यांच्या दक्षतेवर अवलंबून होता.

दुसऱ्या महायुद्धात ही जबाबदारी आणखी वाढली. शत्रू उतरलाच, तर त्याला वाट सापडू नये, म्हणून १९४० मध्ये स्टेशनांच्या नावाच्या पाट्या काढण्यात आल्या. रात्री ब्लॅकआउट. अशा अंधारात कोणते स्टेशन आले, हे उतारूला समजावयाचे ते फलाटावरून येणाऱ्या हाकेने, आणि ती हाक पुष्कळदा बाईची असे. १९४३ पर्यंत रेल्वेतील स्त्रियांची संख्या १ लाखाच्या पुढे गेली होती.

आता वेतनाकडे वळू. १९१५ मध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेने स्त्रियांना सभासद करून घेतले आणि पुरुषांच्या जागेवरील स्त्रीला त्या जागेचे किमान वेतन मिळावे, असे ठरले. वरवर पाहता हा न्याय झाला. परंतु महागाई वाढली, तेव्हा वाढ दिली गेली ती मूळ पगारात नव्हे, तर ‘युद्ध भत्ता’ म्हणून. आणि तो स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी! मूळ पगार सारखा, हातात पडणारी रक्कम मात्र वेगळी. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या बस आणि ट्रामवरील स्त्रियांनी याच भेदाविरुद्ध संप केला. भुयारी रेल्वेतील स्त्रियाही त्यात उतरल्या. बस-ट्रामवाल्यांना पुरुषांइतका ५ शिलिंगांचा वाढीव भत्ता मिळाला, आणि समान कामाला समान वेतन हा विषय सरकारी चौकशी समितीपुढे गेला.

तरीही पहिले युद्ध संपताच बहुतेक स्त्रिया घरी गेल्या. त्यांना घेतानाच ही तात्पुरती सोय आहे, असा करार झाला होता. परतलेल्या सैनिकाला त्याची जागा मिळावी, हे योग्यच. पण पुढच्या भरतीतही दार मिटलेलेच राहिले. वेतन आणि नोकरी यांतील भेदाला कायद्याने खऱ्या अर्थाने आळा बसला तो १९७५ मध्ये. त्यानंतर, १९७८ मध्ये, हॅना डॅड्स ही लंडनच्या भुयारी रेल्वेची पहिली स्त्री चालक झाली.

आपल्या मुंबईत २०१७ मध्ये माटुंगा स्टेशन स्त्री कर्मचाऱ्यांकडे सोपविण्यात आले, तेव्हा मेडा व्हेलला शंभर वर्षे उलटून गेली होती. पण माटुंग्याला युद्धाचे निमित्त लागले नाही. हा फरक आपण ध्यानी ठेवावा. संकटाच्या गरजेने दार उघडते, पण गरज सरली की ते मिटते. ते उघडे ठेवावयास संघटना लागते, कायदा लागतो, आणि आपल्यासारख्या नागरिकांची जागृती लागते.