वळवळणारी मुलं आणि हरवलेली मुलं

‘याच्या पायाला भिंगरीच लागलीय,’ असं आपण एखाद्या मुलाबद्दल कधी कौतुकानं, कधी वैतागून म्हणतो. एडीएचडी हे नाव कानावर पडू लागल्यापासून अशा प्रत्येक मुलाला ते चिकटवण्याची घाई होते. पण या विकाराचं एक रूप असं आहे, की त्यात भिंगरी नसतेच. आणि नेमकं तेच आपल्या नजरेतून सुटतं.

फ्रँकफर्टच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टरांनी 1840 च्या दशकात मुलांसाठी एक सचित्र पद्यपुस्तक लिहिलं. त्यात जेवताना खुर्चीवर झुलत अखेर टेबलावरच्या कापडासकट सगळं जेवण खाली ओढणारा फिलिप आहे, तसाच आकाशाकडे बघत चालता चालता थेट पाण्यात पडणारा हान्सही आहे. हॉफमन काही निदान करत नव्हते, पण आज डॉक्टर ज्या दोन बाजूंबद्दल बोलतात, त्या या दोघांत दिसतात.

पहिली बाजू अतिचंचलतेची आणि उतावीळपणाची. जागेवर न बसणं, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणं, आपली पाळी येईपर्यंत दम न निघणं. दुसरी अवधानाची. गृहपाठ केलेला असतो, पण वही घरीच राहते. ‘वरच्या खोलीतून टॉवेल आण’ म्हटलं, तर मूल वर जातं आणि तिथंच रमतं. गणिताची रीत बरोबर, पण अधिकचं चिन्ह उणे वाचलेलं. काहींमध्ये एकच बाजू ठळक असते, तर काहींमध्ये दोन्ही. म्हणून तीन प्रकार.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे तीन प्रकार 1994 मध्ये आले. 2013 च्या आवृत्तीत मात्र ‘प्रकार’ हा शब्द बदलून ‘सध्या दिसणारं रूप’ अशा अर्थाचा शब्द घेतला गेला. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. सहाव्या वर्षी घर डोक्यावर घेणारा मुलगा पंधराव्या वर्षी शांत बसलेला दिसतो. घरचे म्हणतात, सुधारला. धावपळ थांबलेली असते हे खरं, पण अवधानाची अडचण बऱ्याचदा तशीच राहते, पुढं नोकरीतही.

साठ मुलांच्या वर्गात बाईंना त्रास देतो तो फिलिप, त्यामुळं तो डॉक्टरांपर्यंत पोचतो. खिडकीशी गप्प बसलेल्या मुलीची तक्रार कोण करणार? ‘वेंधळी आहे’, ‘हुशार आहे पण आळशी’ एवढाच शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात. मुलींमध्ये हे रूप अधिक आढळतं आणि त्यांचं निदान उशिरा होतं, किंवा होतच नाही. तोवर ‘मी मठ्ठच आहे’ हे तिनं स्वतःशी पक्कं केलेलं असतं.

‘टीव्हीसमोर दोन तास हलत नाही, मग अभ्यासातच कसं लक्ष लागत नाही?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. टीव्ही लक्ष आपणहून ओढून घेतो. जिथं ते स्वतःच्या प्रयत्नानं लावावं आणि टिकवावं लागतं, तिथं ही मुलं अडतात. त्यात आळस नाही.

निदानासाठी दोन्ही बाजूंची नऊ-नऊ लक्षणं पाहतात. एखाद्या बाजूची निदान सहा लक्षणं (सतरा वर्षांपुढं पाच) सहा महिन्यांहून जास्त काळ हवीत, त्यांतली काही बारा वर्षांच्या आत दिसलेली हवीत आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास व्हायला हवा. फक्त एकाच शिक्षकांच्या तासाला होणारी वळवळ यात बसत नाही. अगदी लहान वयात आधी पालकांना वागणुकीच्या पद्धती शिकवतात. पुढं गरजेप्रमाणे मिथाइलफेनिडेटसारखं औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

त्याआधी मुलाचे कान, डोळे, झोप आणि थायरॉइड तपासून घ्यावं. फिट्सचा एक प्रकारही असा आहे, की त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसतं काही सेकंद टक लावून थांबतं आणि पुन्हा कामाला लागतं. वर्गात तेही हरवल्यासारखंच दिसतं. त्याचा उलगडा मेंदूच्या आलेखातून होतो आणि त्यावरची औषधं अगदी निराळी असतात.