नेट स्लो चालतंय? आधी बघा, नक्की कुठे अडलंय!

रील गोल-गोल फिरायला लागली की आपण नेटवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, ‘राउटर बंद करून चालू करा.’ तरी नाही जमलं, तर ‘मोठा प्लॅन घ्या.’ पैसे जातात, नेट तसंच! पंचवीस वर्षांपूर्वी डायल-अप चालवणाऱ्यांकडेही रोज हीच तक्रार यायची. दोष शोधायची त्यांची रीत आजही कामाला येते.

नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली. त्यात ‘सी’ वर्गाचा परवाना साधारण एका जिल्ह्यापुरता असायचा. म्हणजे फक्त आपल्या नगरपुरता (आताचं अहिल्यानगर) धंदा करायलाही वाव होता. सामान फार नाही: काही टेलिफोन लाइन्स, प्रत्येक लाइनला एक मोडेम, पासवर्ड तपासणारा सर्व्हर आणि बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी एक लीज्ड लाइन. सगळे ग्राहक एकदम येत नाहीत, म्हणून दहा जणांमागे एक मोडेम असा ढोबळ हिशेब असायचा. जास्त आले, की एंगेज टोन!

खरी गोम लीज्ड लाइनमध्ये. समजा ती ६४ केबीपीएसची आहे आणि दहा जण एकाच वेळी डाउनलोड करतायत. प्रत्येकाच्या वाट्याला ६.४ केबीपीएस! १ एमबीची फाइल उतरायला वीस मिनिटांच्या वर. तुमचा मोडेम ५६चा असला तरी काय उपयोग?

म्हणून तक्रार आली की पहिला प्रश्न: कनेक्ट होताना स्क्रीनवर आकडा किती आला? २४-२६ आला, तर संशय घर ते एक्स्चेंजमधल्या तारेवर. फोन कानाला लावून खरखर ऐकायची. जॉइंटमध्ये पावसाचं पाणी, घरातला दुसरा पॅरलल फोन, नाहीतर गावापासून लांब वस्तीवर गेलेली तार. (कधी दोष सेवावाल्याचाच असे. त्याने साध्या फोन लाइनवर साधे मोडेम लावले असतील, तर ३३.६च्या वर आकडा जातच नाही. ५६साठी त्याच्या बाजूला डिजिटल लाइन लागते. पण हे ग्राहकाला कोण सांगणार!) आकडा ४५च्या आसपास, तरी पान उघडेना? मग पिंग. सेवावाल्याचा सर्व्हर झटकन उत्तर देतो, बाहेरचे सगळे रेंगाळतात, तर बहुतेक लीज्ड लाइन भरलीय. एकच साइट रेंगाळत असेल, तर दोष त्या साइटकडे.

आता तुमच्या वायफायवर हेच करा. आधी राउटरशेजारी उभे राहा. तिथे स्पीड चांगला आणि आतल्या खोलीत रडतोय? मग भिंती आणि अंतर आडवे येतायत. राउटर हलवा, प्लॅन नको. शेजारीही स्लो असेल, तर सकाळी सात आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा स्पीड टेस्ट घ्या. तेव्हा घरातले बाकीचे डाउनलोड बंद ठेवा. सकाळी पळतं आणि रात्री बसतं, म्हणजे पुढची लाइन गर्दीने भरतेय. तुम्ही १००चा प्लॅन घेतला तरी ती भरलेलीच राहणार.

एक सावधगिरी. स्पीड टेस्ट अॅप बरेचदा जवळचा, कधीकधी तुमच्याच कंपनीचा सर्व्हर निवडतं. त्यामुळे आकडा झकास दिसतो आणि व्हिडिओ अडकतो. सर्व्हर बदलून मुंबईचा, दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट नेटवाल्याला पाठवा आणि मगच विचारा, ‘रात्री नऊला एवढा फरक का पडतो?’