उंच केलेल्या जुन्या जीपचे स्टिअरिंग : दोष व उपाय

मुंबईत १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत ही गाडी महाराष्ट्रातील शेताबांधापर्यंत पोहोचली. यातील अनेक जुन्या जीप आजही खते, बियाणे, मजूर व शेतमालाची ने-आण करतात. बांध, ओढे व चिखल ओलांडताना गाडी खाली घासू नये म्हणून काही जण कमानपाट्यात जादा पाते टाकतात, लांब शॅकल बसवतात किंवा मोठे टायर घालतात. गाडी उंच होते. पण डांबरी रस्त्यावर आल्यावर ती सरळ रेषेत चालत नाही, खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंगला हिसका बसतो आणि ठरावीक वेगाला पुढची चाके जोराने लटपटू लागतात. मागे माणसे बसलेली असताना हा दोष जिवावर बेतू शकतो.

अशा वेळी बहुधा स्टिअरिंग बॉक्स आवळला जातो किंवा स्टिअरिंगला डॅम्पर बसवला जातो. त्यामुळे दोष काही दिवस झाकला जातो. मूळ कारण बहुतेक वेळा झिजलेल्या सांध्यात किंवा गाडी उंच करताना बिघडलेल्या कोनात असते. म्हणून तपासणी पुढील क्रमानेच करावी.

उंची वाढवल्याने काय बिघडते?

सायकलचा पुढचा दांडा किंचित मागे कललेला असतो, म्हणून हात सैल सोडले तरी सायकल सरळ धावते. जीपच्या पुढच्या चाकांचा किंगपिनही असाच वरच्या बाजूने मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. जुन्या विलिस बनावटीत तो ३ अंश दिलेला आहे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते यामुळेच.

या बनावटीत पुढच्या कमानपाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तेथे लांब शॅकल बसवला की पाट्याचे पुढचे टोक चेसिसपासून खाली जाते, अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. गाडी भटकू लागते. शिवाय चेसिसवरील स्टिअरिंग बॉक्स व बेलक्रॅंक वर जातात, पण चाके जमिनीवरच राहतात. त्यामुळे त्यांना जोडणारे दांडे तिरपे होतात. तिरपा दांडा असताना पाटा दबला की दांडा चाकाला ढकलतो किंवा ओढतो, आणि चालकाने न वळवताही चाक वळते. खड्ड्यात बसणारा हिसका तो हाच.

तपासणीचा क्रम

१) टायर : दोन्ही पुढचे टायर एकाच मापाचे असावेत आणि त्यांतील हवेचा दाब सारखा असावा. वाकलेली रिम, फुगलेला टायर व न केलेले बॅलन्सिंग ही लटपटण्याची साधी कारणे आहेत.

२) सांधे : इंजिन बंद, चाके जमिनीवर. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे व दुसऱ्याने खाली वाकून ड्रॉप आर्मपासून चाकापर्यंत प्रत्येक सांधा पाहावा. जेथे एक भाग हलतो व पुढचा थांबून हलतो तेथे झीज आहे. बेलक्रॅंकची पिन व बुश आणि टाय रॉड एंड येथे झीज जास्त आढळते. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट व त्याजवळील चेसिसला तडा आहे का, हेही पाहावे.

३) किंगपिन व चाकाचे बेअरिंग : गाडी कठीण जमिनीवर जॅकने उचलावी, अ‍ॅक्सलखाली मजबूत स्टँड द्यावा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावावेत. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास मदतनिसाला ब्रेक दाबण्यास सांगावे. खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे. राहिला तर किंगपिनचे बेअरिंग झिजले आहे.

४) कमानपाटे : यू-बोल्ट ढिले असणे, मधला बोल्ट तुटणे, शॅकलचे बुश संपणे यांमुळे अ‍ॅक्सल जागचा सरकतो. दोन्ही बाजूंना पाट्याच्या ठरलेल्या टोकापासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर मोजून ताडून पाहावे.

सांधे दुरुस्त झाल्याशिवाय कोनांचे माप घेऊ नये. ते चुकीचे येते.

कोन कसे सुधारावेत?

प्रथम गॅरेजमध्ये कॅस्टर मोजून घ्यावा. तो कमी असल्यास पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवतात. पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे, आणि पाटा वर असेल तर मागे ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमची पाचर चेपते, म्हणून वापरू नये. पाचर उलटी बसल्यास दोष वाढतो. नवे यू-बोल्ट वापरावेत व आठवडाभर गाडी चालवल्यावर पुन्हा आवळावेत. पाचरीमुळे पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो, म्हणून चारचाकी जोर लावून हळू चालवून थरथर तपासावी.

फार तिरप्या झालेल्या दांड्यांवर उंची कमी करणे हाच खात्रीचा उपाय आहे. ड्रॉप आर्म किंवा दांडा तापवून वाकवू नये. स्टिअरिंगच्या कोणत्याही भागाला वेल्डिंगचा जोड देऊ नये.

शेवटी टो-इन पाहावे. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडूची रेघ काढावी. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलावी, म्हणजे चाके स्थिरावतील. नंतर आसाच्या उंचीवर, टायरच्या पुढच्या व मागच्या बाजूने रेघेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात. दोन चाकांमधील पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवे. जुन्या विलिस बनावटीत हा फरक सुमारे १ ते २.५ मि.मी. असतो. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळे माप असल्यास ते पाळावे.

एवढे झाल्यावरही स्टिअरिंगमध्ये खेळ राहिला तरच बॉक्स जुळवावा. चाके सरळ ठेवून थोडे थोडे आवळावे. जास्त आवळल्यास स्टिअरिंग मध्ये अडकते व वळणानंतर परत येत नाही.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

- गाडी उंच केल्यावर चाक पूर्ण खाली लोंबकळू देऊन ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे पाहावे.
- मोठ्या टायरमुळे ब्रेकचा जोर कमी पडतो व स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.
- उंच गाडी लवकर कलंडते. टपावर पोती लादू नयेत. जड माल खाली ठेवावा.
- चाके लटपटू लागल्यास घाबरून जोरात ब्रेक मारू नये. स्टिअरिंग घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, वेग कमी होऊ द्यावा व गाडी कडेला घ्यावी. कारण सापडेपर्यंत ती रस्त्यावर नेऊ नये.
- मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून बदलापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

शेतातील बहुतेक कामांना मूळ उंचीची, सुस्थितीतील पाट्यांची व योग्य टायरची जीप पुरेशी ठरते. दर पेरणीपूर्वी टाय रॉड व शॅकलला ग्रीस देऊन वरील दोन माणसांची तपासणी केली, तर झीज वेळीच ध्यानात येते आणि मोठा खर्च व अपघात दोन्ही टळतात.